आधी शिंपी, मग शालू: लग्नाची साडी आणि नवरीचा बांधा

लग्नाच्या खरेदीचा आपल्याकडचा क्रम ठरलेला असतो. आधी साड्या, मग दागिने, मग मेकअपवाली, आणि सगळं आटपलं की शेवटी ‘चला, ब्लाउज टाकून येऊ’. बांध्याला शोभेल असं काही हवं असेल तर हा क्रम उलटा करायला हवा. साडीत रंग दिसतो, जर दिसते. बांधा दिसतो तो नेसण्यात आणि ब्लाउजात. पन्नास हजारांची पैठणी कंबरेला फुगली आणि ब्लाउज मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, ओढला गेला, तर अल्बममध्ये पैठणीकडे कुणाचं लक्ष जात नाही, फुगवट्याकडे जातं. त्यामुळे कोणत्या विधीला काय नेसायचं ते आधी ठरवा, त्या नेसणीला चालेल असं कापड मग बघा, आणि चांगल्या शिंप्याची तारीख साडीच्या दुकानात पाय ठेवण्याआधी घेऊन ठेवा. लग्नसराईत साड्या संपत नाहीत, शिंप्याच्या तारखा संपतात.

इथे मराठी लग्नातल्या नेसणीपुरतंच बोलू: नऊवारी, मामाकडून येणारी पिवळी, सप्तपदीचा शालू किंवा पैठणी. रिसेप्शनच्या घागऱ्याचं शेवटी थोडक्यात.

सफरचंद, पेर आणि पन्हा

इंटरनेटवर बांध्याचे प्रकार फळांच्या नावांनी सापडतात. शिवलेल्या गाऊनसाठी ते ठीक. साडी मात्र कापलेली नसते. ती ठरावीक लांबी-रुंदीची एक सरळ पट्टी. ही पट्टी आपल्या अंगाला किती उरते आणि किती कमी पडते, यावर सगळा खेळ चालतो. म्हणून दुकानात जाताना दोन मापं कागदावर लिहून न्यावीत: जिथे नाडा बांधणार तिथपासून जमिनीपर्यंतची उंची, अनवाणी उभं राहून, आणि कंबरेखाली जिथे सर्वांत जास्त भरतं तिथला घेर.

पहिलं माप पन्ह्याशी, म्हणजे साडीच्या रुंदीशी, ताडून बघायचं. रेशमी साड्यांचा पन्हा साधारण ४५ ते ४८ इंच असतो. पाच फूट उंचीच्या मुलीची कंबर ते जमीन उंची ३७-३८ इंच भरते. पन्हा ४७ असेल तर वर ९ इंच कापड उरलं, आणि ते सगळं परकरात खोचलं जातं. पाठीमागे ते दोन थरांत जातं, पण पुढे निऱ्यांच्या जागी सहा निऱ्या म्हणजे बारा थर, शिवाय पहिल्या फेरीचा एक. त्यात वरच्या काठाची जर. पोट अजिबात नसलेल्या मुलीलाही फोटोत पोट दिसतं ते या गठ्ठ्यामुळे, आणि दोष बिचाऱ्या जेवणाला दिला जातो.

यावर उपाय आहेत. खरेदीच्या वेळीच वरचा काठ बारीक असलेली साडी निवडावी. खालचा काठ हवा तेवढा मोठा असू दे. दोन्ही काठ सारखेच जाड जरीचे असले की आत खोचलेला काठ पट्ट्यासारखा ताठ उभा राहतो. नाडा नेहमीपेक्षा एक इंच वर बांधावा, तेवढंच कापड कमी उरतं आणि पायही लांब दिसतात. निऱ्या खोचताना त्यांचा जुडगा तसाच आत कोंबू नये. खोचायचा भाग आत गेला की बोटांनी पंख्यासारखा डावी-उजवीकडे पसरायचा आणि परकरावर सपाट खाली ओढून घ्यायचा. नेसवणाऱ्या बाईने हे केलं की नाही ते बाजूने बघितल्याशिवाय कळत नाही.

उंच मुलींची अडचण याच्या बरोबर उलट. पाच फूट आठ इंच उंचीला कंबरेपासून जमिनीपर्यंत ४३ इंच लागतात. वर तीन इंचांची टाच घातली की ४६. पन्हा ४६-४७ असेल तर खोचायला काहीच उरत नाही, आणि किमान तीन इंच आत गेल्याशिवाय जड रेशीम कंबरेवर थांबत नाही. अशा वेळी ४८ च्या पुढचा पन्हा मागायचा, नाहीतर टाच विसरायची. तसंही विधींना नवरी अनवाणीच असते. टाचेचा प्रश्न फक्त रिसेप्शनचा. म्हणून एकच साडी दोन्हीकडे नेसायची असेल तर परकरही दोन शिवावेत: विधींचा घोट्यापर्यंत, रिसेप्शनचा टाच घालून जमिनीपासून अर्धा इंच वर. सप्तपदीत प्रत्येक तांदळाच्या राशीला उजव्या पायाचा अंगठा लावायचा असतो. तेव्हा जमिनीवर लोळणारी साडी पहिल्याच पावलाला पायात येते.

दुसरं माप, घेराचं, साडीच्या लांबीशी ताडायचं. ब्लाउजपीस कापल्यावर सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच उरते. घेराच्या दोन फेऱ्या, आणि पुढून खांद्यावर जाऊन मागे गुडघ्यापर्यंत पदराला साधारण ७० इंच. घेर ३६ असेल तर निऱ्यांना ७४ इंच राहतात. पाच इंच रुंदीच्या एका निरीला दहा इंच लागतात, म्हणजे सात निऱ्या. घेर ४६ असेल तर ५४ इंच, म्हणजे पाचच निऱ्या. इथे हमखास एक चूक होते: निऱ्या कमी दिसतात म्हणून तीन-तीन इंचांच्या बारीक निऱ्या घालून संख्या वाढवतात. बारीक निऱ्या चालताना उघडतात आणि भरलेल्या कंबरेवर घागऱ्यासारख्या पसरतात. पाच पूर्ण रुंदीच्या निऱ्या सरळ पडतात, ते जास्त चांगलं दिसतं. फारच कमी पडत असेल तर पदर चार-सहा इंच आखूड घ्या, तो कुणी मोजत नाही.

कापडाचा स्वभाव

दुकानात साडी खांद्यावर टाकून आरशात बघतात. त्यातून चेहऱ्याला रंग कसा दिसतो एवढंच कळतं. कापडाचा स्वभाव बघायचा असेल तर साडीच्या मधल्या भागाच्या चार निऱ्या हातात घालायच्या आणि हात कंबरेपाशी धरून खाली सोडायच्या. निऱ्या एकमेकींना चिकटून सरळ खाली आल्या तर ते कापड भरलेल्या बांध्याला चालेल. तंबूसारख्या बाहेर फाकल्या तर ते सडपातळ मुलीचं कापड.

टिश्यू, ऑर्गेंझा, आणि भरपूर जरीचा कडक बनारसी शालू फाकतात. हातमागावरची चांगली पैठणी, सॉफ्ट सिल्क, माहेश्वरी खाली पडतात. यंत्रमागावरची स्वस्त पैठणी दिसायला भरगच्च असते, पण मागच्या बाजूला सुट्या धाग्यांचे तरंग असतात. त्यामुळे पदर जाड होतो आणि खांद्यावर घडी नीट बसत नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघितला तर मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. येवल्याला जाऊन घ्या नाहीतर घराजवळ घ्या, पदर उलटून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

काठाबद्दल एक ठोकताळा: उंची पाच-दोनच्या आत असेल तर खालचा काठ चार इंचांच्या आत, आणि शक्यतो अंगाच्याच रंगात. विरोधी रंगाचा दहा इंची काठ पायांना मध्येच कापतो. मोठा काठ हवाच असेल तर ब्लाउज साडीच्या अंगाच्या रंगाचा शिवा, काठाच्या रंगाचा नको, म्हणजे वरपासून गुडघ्यापर्यंत एकच रंग सलग राहतो. उंच मुलींनी मात्र हात आखडू नये. हातभर काठ त्यांच्यासाठीच विणलेला असतो.

पिवळी साडी बहुतेक वेळा पातळ असते. तिच्याखाली पांढरा परकर घातला की मांडवातल्या दिव्यांत परकराची शिवण नि शिवण दिसते. साडीहून एक छटा गडद पिवळा किंवा त्वचेच्या रंगाचा परकर घ्यावा.

नऊवारीत काय दिसतं, काय झाकतं

नऊ वार म्हणजे ३२४ इंच, सव्वाआठ मीटर. बाजारात नऊवारी म्हणून आठ मीटरच्या आतलं कापडही विकलं जातं. घेर चाळीसच्या आत असेल तर ते पुरतं. ४४ च्या पुढे असेल तर पूर्ण नऊ वार मोजून घ्या. दुकानदारासमोर टेप लावायला लाजू नका. लांबी कमी पडली की पहिल्यांदा कासोटा, म्हणजे पायांमधून मागे नेऊन खोचलेला भाग, आखडतो, आणि आखडलेला कासोटा मागून बांध्याचा सगळा हिशेब मांडून ठेवतो.

ओचा (निऱ्यांचं वरचं कापड पुढे कंबरेला खोचतात तो) घातलेली, ब्राह्मणी म्हणतात ती नेसण पुढे भर देते. सडपातळ मुलींना ही देणगीच आहे. पोट असेल तरी ही नेसण टाळायचं कारण नाही, फक्त ओच्याचा गोळा करून खोचू नये. वीतभर रुंदीत पसरून, वरून दाबून सपाट करावा. सपाट ओचा पोटावर पडद्यासारखा सुटतो. बिनओच्याची, पाय मोकळे ठेवणारी नेसण ठेंगण्या मुलींना उंच दाखवते, कारण पायाची रेघ घोट्यापर्यंत सलग राहते. पण मांड्या भरलेल्या असतील तर तिच्यात काहीच लपत नाही. पायाशी निऱ्यांचा घोळ सोडणारी, दुकानात ‘मस्तानी’ नावाने मिळणारी शिवलेली नऊवारी पाच-तीनच्या खाली उंची असेल तर पाय गिळून टाकते. ही नावं दुकानागणिक बदलतात. नाव विचारण्यापेक्षा पुढून, मागून आणि पाटावर बसलेली असे तीन फोटो मागा.

कंबरेखाली भरलेल्या बांध्याच्या मुली कासोट्याला घाबरतात. भीती अर्धीच खरी. मागून मधोमध येणारा काठ ही एक उभी रेघ आहे, ती रुंदी मोडते. अडचण होते ती कासोटा दोरीसारखा पिळून खोचल्यावर. सहा ते आठ इंच रुंद, चपटा कासोटा घ्यायचा, काठ मधोमध यायला हवा, आणि ताण इतकाच की मध्ये दोन बोटं जातील. तेवढी ढील नसेल तर मांडी घालून बसताना सगळी साडी मागून खेचली जाते आणि उठल्यावर पुढच्या निऱ्या सुटतात. कन्यादानापासून सप्तपदीपर्यंत नवरी किती वेळा उठते-बसते ते आठवा.

पोट असेल तर गाठीकडे बघा. पारंपरिक पद्धतीत साडीचीच गाठ कंबरेला बसते आणि ती नेमकी बेंबीवर आली की लिंबाएवढा उंचवटा होतो. गाठ चार बोटं डावीकडे सरकवली की ती पदराखाली जाते. किंवा गाठीऐवजी आत सुती नाडा किंवा दोन इंची कापडी पट्टा बांधून त्यात साडी खोचावी. आतून सुती टाइट्स किंवा सायकलिंग शॉर्ट्स घालाव्यात, चकचकीत नायलॉनच्या नकोत. रेशीम त्यावरून घसरतं.

शिवलेली नऊवारी सोयीची आहे यात वाद नाही, पाच मिनिटांत होते. पण हातमागाची पैठणी त्यासाठी कात्रीखाली देऊ नका. न कापता, निऱ्या आणि कासोट्याला फक्त टाके घालून देणारे शिंपी असतात. लग्नानंतर टाके उसवले की साडी पुन्हा साडी होते. शिवून घेताना कंबर आणि उंचीची मापं सगळे घेतात, आसनाचं राहतं. कंबरेच्या पुढून पायांमधून मागे कंबरेपर्यंत टेप फिरवून, खुर्चीवर बसून हे माप घ्यायचं आणि त्यात दोन इंच वाढवायचे. हे चुकलं तर पाटावर बसताना शिवण उसवते, आणि तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो. आणखी एक, जे कुणी बोलत नाही: शिवलेल्या नऊवारीत बाथरूमला जाताना काय करायचं, ते ट्रायलच्या दिवशी घरी करून बघा. हुक मागे आहेत, पुढे आहेत, एकटीला उघडतात का. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत पाणी न पिणाऱ्या नवऱ्या याच कारणाने चक्कर येऊन बसतात.

ब्लाउज: खरा खर्च इथे करा

मापाला जाताना लग्नाच्या दिवशी घालणार तीच ब्रा घालून जायचं. हे न पाळल्याने जेवढे ब्लाउज बिघडतात तेवढे दुसऱ्या कशाने बिघडत नसतील. खांद्यापासून टक्सच्या (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुणीच्या) टोकापर्यंतचं अंतर ब्रा बदलली की अर्धा-पाऊण इंच बदलतं, आणि टक्स अर्धा इंच जरी चुकीच्या जागी आला तरी तिथे खळगा पडतो किंवा टोक उभं राहतं. पाळीच्या आसपास छाती आणि पोट फुगतं, त्या आठवड्यात माप देऊ नका. ‘लग्नापर्यंत पाच किलो कमी करणार आहे, जरा घट्टच शिवा’ असं तर कधीच सांगू नका. सैल ब्लाउज दहा मिनिटांत आवळता येतो. घट्ट शिवलेल्याला दाबच नसेल तर काही करता येत नाही.

म्हणून दाब. दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूच्या शिवणींना, आत एकेक इंच जादा कापड ठेवायला सांगा; मिळून दोन-तीन इंच सुटतात. पण हा दाब मुंढ्यातून बाहीच्या खालच्या शिवणीपर्यंत सलग असायला हवा. पुष्कळ शिंपी कुशीला ठेवतात आणि बाहीला कापून टाकतात. मग छाती उसवून सैल होते, बाही तशीच दंडाला रुतते.

अस्तर लावलेल्या रेशमाला ताण नसतो, त्यामुळे छातीच्या मापात एक ते दीड इंच आणि दंडघेरात एक इंच मोकळीक हवी. कोपरापर्यंत बाही असेल तर तिच्या तोंडाचं माप हात कोपरात दुमडून घ्यायचं. सरळ हातावर घेतलेल्या मापाची बाही पाया पडताना कोपरात अडकते.

आता मुंढा. इथे समज उलटा आहे. हात मोकळा हलावा म्हणून मुंढा खोल, सैल ठेवायला सांगतात, आणि तिथेच फसतात. मुंढा काखेपासून जितका खाली, तितका हात वर करताना बाही कुशीला ओढते आणि अख्खा ब्लाउज वर चढतो. मुंढा काखेपासून एक बोट खाली, एवढाच असावा. ट्रायलला दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा, कारण अंतरपाट दूर झाल्यावर हार घालताना हेच करायचं आहे, आणि फोटोग्राफर नेमका तोच क्षण टिपतो. ब्लाउजचा खालचा काठ एका इंचापेक्षा जास्त वर गेला तर मुंढा परत शिवायला द्या.

गळ्याचा हिशेब खांद्यांवर अवलंबून. मागचा गळा आठ-नऊ इंच खोल हवा असेल तर पुढचा सहा-साडेसहाच्या खाली नेऊ नका. दोन्ही खोल केले की खांदे उतरतात आणि दिवसभर हात तिथेच जातो. मागे मानेपासून दोन इंच खाली दोरी घेतली तर थोडं सांभाळून नेता येतं. खांद्यावर दोन-अडीच इंचांची पट्टी उरली पाहिजे, कारण एका खांद्यावर पदराची आणि दुसऱ्यावर शेल्याची पिन बसणार. रुंद खांद्यांना बोटनेक अजून रुंद करतो. त्यांनी खोल व्ही किंवा पानगळा घ्यावा, फुग्याची बाही टाळावी. अरुंद, उतरत्या खांद्यांना तोच बोटनेक आणि खांद्यावर हलकी चुणी छान आधार देतात. कंबरेखाली भरलेल्या बांध्यालाही वरची रुंदी थोडी वाढवलेली बरी: काठाची बाही, रुंद गळा.

छाती भरलेली असेल तर साध्या चार टक्सांचा ब्लाउज पुरत नाही. कटोरी किंवा प्रिन्सेस कट घ्या. छातीखाली दीड इंचाची पट्टी हवी. हुक एकेक इंचावर लावून घ्या. सव्वा-दीड इंचाच्या अंतराने लावले तर मध्ये डोळे उघडतात, आणि हे बसल्यावरच दिसतं. वेगळे पॅड घालू नका, नुसतं दुहेरी अस्तर पुरतं. बाहीची लांबी बघा: बाही छातीच्या रेषेतच संपली तर तिचा काठ आणि छाती मिळून एकच आडवी पट्टी दिसते. एक तर ती त्याच्या वर संपवा किंवा कोपराच्या इंचभर वर न्या. दंड भरलेले असतील तर कोपराजवळचीच घ्या. छाती कमी असलेल्यांनी कप बसवून घ्यावेत, पण ते ब्लाउजला शिवलेले हवेत. सुटे कप घामाने सरकतात.

पोटाची काळजी असलेल्यांनी ब्लाउजची उंची वाढवावी, एवढी की खाली साडीवर बोटभर तरी येईल. आणि परकर बेंबीवर किंवा किंचित वर. पोटाखाली बांधलेला नाडा पोट पुढे ढकलतो, हे आरशासमोर दोन्हीकडे बांधून बघितलं की लगेच पटतं. नाड्याऐवजी रुंद पट्टीचा, बाजूला हुकाचा परकर अशा वेळी उत्तम.

कापडाचं गणितही आधी करा. साडीबरोबरचा ब्लाउजपीस ऐंशी सेंटीमीटर ते एक मीटर असतो. छाती चाळीसच्या पुढे आणि बाही कोपरापर्यंत असेल तर तो कमी पडतो, आणि शिंपी हे कापताना सांगतो. पारंपरिक खणाचा पन्हा तर अजून अरुंद, तीस इंचांच्या आसपास. दीड मीटरच्या खाली घेऊ नका. अस्तर सुती घ्या, आणि कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. न भिजवलेलं अस्तर घामाने आखडतं आणि वरचं रेशीम शिवणीशिवणीला गोळा होतं. मे महिन्यातल्या नागपूर-अकोल्याच्या लग्नाला क्रेपचं अस्तर म्हणजे शिक्षा. काखेत जरीचे धागे टोचतात, तिथे आतून मऊ मलमलीचा तुकडा लावून घ्या.

पदर, शेला, दागिने

पदराच्या घड्या खांद्याच्या मापाच्या हव्यात. साधारण खांद्याला पाच इंच, बारीक खांद्याला चार. छाती भरलेली असेल तर घट्ट इस्त्रीच्या घड्यांचा पट्टा दोन्ही बाजूंनी सगळं उघडं टाकतो. वरच्या दोन घड्या छातीवर थोड्या मोकळ्या सोडाव्यात आणि आतून पिनेने धरावं. पिन थेट पैठणीत टोचू नका, खाली टिकली किंवा फेल्टचा तुकडा ठेवा. नाहीतर उपरण्याच्या गाठीला हिसका बसला की रेशीम फाटतं. आणि हिसका बसतोच, कारण होमाभोवती फिरताना नवरदेव आपल्या पावलांनी चालतो. गाठ पदराला न बांधता शेल्याला बांधावी आणि मध्ये दीड-दोन फूट कापड सैल सोडावं. शेला नेटचा, नायलॉनचा असेल तर लाजाहोमाला तो काढून रेशमी किंवा सुती घ्या. नायलॉन पेटतं ते वितळून कातडीला चिकटतं.

दागिन्यांपैकी बांध्याशी खरा संबंध कंबरपट्ट्याचा. धड लांब असेल तर तो सुंदर दिसतो. धड आखूड असेल, किंवा पोटाच्या सगळ्यात पुढे आलेल्या जागीच तो येत असेल, तर बाजूला लटकणारा छल्ला लावा आणि पट्टा पेटीत ठेवा, आत्याने कितीही आग्रह केला तरी. मान आखूड असेल तर चिंचपेटी आणि ठुशी दोन्ही एकदम नको. एक घेऊन खाली लांब मोहनमाळ घातली की मान सुटी दिसते. ब्लाउजचा गळा ठरवतानाच दागिने शिंप्याकडे घेऊन जा. बोटनेकवर ठुशी अर्धी कापडावर, अर्धी कातडीवर बसते.

रिसेप्शनला घागरा असेल तर दोनच गोष्टी. कॅनकॅन, म्हणजे घागरा फुगवणारी आतली जाळी, कंबरेपासून नको, सहा-आठ इंच खालून सुरू करा, नाहीतर नितंबांवर टोपली ठेवल्यासारखं होतं. आणि वजनदार घागऱ्याला नाडा पुरत नाही, दोन इंची पट्टा आणि हुक हवेत.

ट्रायल

ब्लाउज लग्नाआधी पाच-सहा आठवडे टाकावा, पहिली ट्रायल दोन आठवडे आधी, शेवटची चार-पाच दिवस आधी. शेवटच्या ट्रायलला साडी प्रत्यक्ष नेसा, त्याच नेसवणाऱ्या बाईकडून, निदान एकदा. आरशावर विसंबू नका. आरसा समोरून आणि जवळून दाखवतो, पाहुणे बाजूने आणि लांबून बघतात. दहा फुटांवरून, कमरेच्या उंचीवर फोन धरून चारही बाजूंनी फोटो काढायला सांगा. वरून काढलेला फोटो ठेंगणं दाखवतो आणि उगाच साडी बदलायची वेळ येते. मग पाटावर मांडी घाला, पाच मिनिटं बसा, उठा, वाकून नमस्कार करा, हात वर करा, दहा पावलं चाला, आणि पुन्हा तेच चार फोटो. पहिल्या आणि दुसऱ्या फोटोंत जे हललं असेल तेवढंच दुरुस्त करायचं. सहसा तीनच गोष्टी निघतात: कासोटा किंवा निऱ्या सैल झालेल्या, ब्लाउज वर चढलेला, पदर खांद्यावरून अर्धा इंच सरकलेला. तिन्हींना टाके आणि पिना पुरतात, म्हणून कार्यालयात न्यायच्या डब्यात साडीच्या रंगाचा दोरा ओवलेल्या दोन सुया, वीस पिना, चार हुक आणि एक जादा नाडा ठेवा, आणि तो डबा करवलीकडे द्या. आईकडे नको, तिला त्या दिवशी शंभर जण हाका मारत असतात.